टाचणी लावलेली पानं

वाचनालयात पुस्तक परत येतं तेव्हा ते एकटं येत नाही. पानांत बसचं तिकीट येतं, हळदीचं बोट येतं, एकदा तर वाळलेला कढीपत्ता आला होता. आणि वाचणाऱ्याच्या तोंडून एखादा किस्सा येतो. तिकिटं आपण फेकून देतो, किस्से साठत जातात. अंबरपेठेतलं आमचं मराठी वाचनालय म्हणजे पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. पण पुस्तकाला घाबरलेल्या वाचकांचे तिथे इतके किस्से आहेत की वेगळं कपाट करावं लागेल! ते सांगायची सुनंदा, माझी बायको. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता मी सांगतो. तिच्यासारखे रंगत नाहीत, कारण सांगता सांगता मला राग येतो.

* * *

वसंतराव आमचे सेक्रेटरी. रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. "मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं जंगलं पार केलीत मी," हे ते ओळख झाल्यावर पाच मिनिटांत ऐकवतात. त्यांनी एकदा भुताच्या गोष्टींचं पुस्तक नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुलूप उघडायला गेलो तर पुस्तक पायरीवर, आणि त्यावर वीट!

"वीट कशाला वसंतराव? वारा तर नाही," सुनंदानं नंतर विचारलं.

"वाऱ्यासाठी नाही हो, वहिनी. आपोआप उघडलं तर?"

* * *

सिकंदराबादच्या म्हाताऱ्या वाचकांना पुस्तकं घरपोच करतो खाजाभाई, आमचा ऑटोवाला. त्याला मराठी वाचता येत नाही, चित्रं मात्र कळतात. एका मुखपृष्ठावर विहिरीतून वर आलेला हात होता.

"साब, ये नक्को. पीछे बैठके गला पकड़ा तो?"

आमच्या ग्रंथपाल कुमुदताईंनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ केलं. तरी तो मान हलवत राहिला. शेवटी तोड त्यानंच काढली. पुस्तक मागच्या सीटवर पालथं ठेवलं आणि ऑटो सुरू केला.

"अब सीट को डराने दो!"

खाजाभाईचं मला हेच आवडतं. घाबरला, पण पुस्तक पोचवलं.

* * *

गौरी इथेच जन्मलेली, आयटीत आहे. घरात मराठी, बाहेर तेलुगू आणि इंग्रजी. मराठी वाचायला मात्र अक्षर अक्षर लावावं लागतं. वाचन सुधारावं म्हणून तिनं रहस्यकथा नेली. भल्याभल्यांची झोप उडवलेलं पुस्तक. तीन महिन्यांनी परत आणलं.

"घाबरलीस का ग?" मी विचारलं.

"टाइमच नाही मिळाला काका! एक वाक्य संपेपर्यंत खून जुना होऊन जायचा."

* * *

इथपर्यंत हसू येतं. पुढचा किस्सा सांगताना सुनंदाही हसायची नाही.

एक सूनबाई दर शनिवारी यायच्या. नोकरी, स्वयंपाक, सगळं उरकून एक कादंबरी न्यायच्या. एकदा ती कादंबरी सासूबाईंच्या हाती पडली. तीत एक सासू होती. चहात दोन चमचे साखर घेणारी, सुनेची पत्रं आधी स्वतः फोडणारी. या सासूबाईही दोन चमचेच घ्यायच्या. त्या तडक आबिड्सच्या पोस्टात गेल्या आणि लेखिकेला रजिस्टर पत्र टाकलं: "आमच्या घरातलं तुम्हाला कोणी सांगितलं, ते कळवावे."

उत्तर आलं नाही. सूनबाईही परत आल्या नाहीत. त्यांचं कार्ड त्यांच्या नवऱ्यानं आणून दिलं. टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "घरात शांतता पाहिजे ना, साहेब."

घाबरली सासू आणि वाचन बंद झालं सुनेचं! ते कार्ड अजून ड्रॉवरमध्ये आहे. मी फेकू देत नाही.

* * *

आता टाचण्या.

एका आजींना कादंबरीतला मृत्यू वाचून बीपी वाढलं. मुलगा येऊन वाचनालयात ओरडून गेला. वसंतरावांनी मीटिंग बोलावली आणि ठराव झाला: ज्या पानांवर मरण किंवा बरा न होणारा आजार असेल, ती पानं कुमुदताईंनी आधी वाचून टाचणीनं एकत्र टोचावीत. वाचकांच्या तब्येतीसाठी! आबिड्सहून लाल डोक्याच्या टाचण्यांचे डबे आले.

मी विरोध केला. वसंतराव म्हणाले, "तुम्ही लेखक लोक माणसं मारून मोकळे होता. घरी बीपी आम्हाला सांभाळावं लागतं!"

सगळे हसले. मी विचारलं, "वाचक काय तान्हं बाळ आहे?" त्या दिवशीच्या इतिवृत्तात नोंद आहे: 'एका सदस्यांचा आवाज चढला.'

टाचणी काढायला कुणी मनाई केली नव्हती. दोन बोटांचं काम. पण कुणी काढली नाही. लोक टोचलेली पानं उलटून गुमान पुढे जायचे. मला वसंतरावांपेक्षा त्यांचाच राग जास्त यायचा. एक निवृत्त हेडमास्तर जाडजूड कौटुंबिक कादंबरी परत करताना म्हणाले, "छान आहे. फक्त एक कळलं नाही. या काकांनी सगळी इस्टेट अशी अचानक का वाटून टाकली? आणि घर सोडून गेले कुठे?"

* * *

मग सुनंदा आजारी पडली.

डॉक्टर खोलीत तेलुगूत गंमती करायचे आणि कॉरिडॉरमध्ये माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. पुण्याहून तिच्या भावाचा रोज फोन. "भाऊजी, तिला सांगू नका हं. धीर सोडेल." औरंगाबादहून माझी बहीण: "वहिनीला कळता कामा नये." शाळेत पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलेली बाई! तिला रिपोर्ट वाचता येत नव्हते असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. रिपोर्ट मी बँकेच्या फाइलमध्ये ठेवले.

आठवड्याला दोन पुस्तकं तिला लागायची. मी वाचनालयात आलेली नवी कोरी आणायचो, कुमुदताईंच्या हाताखालून न गेलेली. आणि द्यायच्या आधी जेवणाच्या टेबलावर बसून स्वतः चाळायचो. होय, मीच. मीटिंगमध्ये आवाज चढलेला सदस्य. माझ्या हस्तलिखितांच्या साध्या, बिनडोक्याच्या टाचण्या होत्या. त्या लावायचो.

ती वाचायची, परत द्यायची. एकदा एवढंच म्हणाली, "अहो, या लेखकांना कुणी धडपणे शेवट करायला शिकवलं नाही का हो? सगळीच पुस्तकं मधेच कशी बरी होतात?"

"हल्लीचे लेखक," मी म्हणालो.

"तुम्ही धरून ना?"

मी चहा करायला उठलो.

* * *

मागच्या महिन्यात टाचण्या काढायचा ठराव झाला. तुम्हाला वाटेल, वाचकाचा हक्क वगैरे पटला असेल. छे! गौरीच्या बोटात गंजकी टाचणी गेली आणि तिला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं. वसंतरावांनी ठराव वाचून दाखवला, "वाचकांच्या तब्येतीसाठी." शब्द तेच! या वेळी माझा आवाज चढला नाही.

एका रविवारी दुपारी कुमुदताई आणि मी स्टीलचा डबा मधे ठेवून बसलो. त्या एका कपाटाच्या टाचण्या काढत होत्या, मी दुसऱ्या. खाली गिरणी चालू होती. तीनेकशे पुस्तकं झाली असतील. मग एक पुस्तक हातात आलं आणि मी ओळखलं. सुनंदानं वाचलेलं शेवटचं. त्यातली अकरा पानं मी टोचली होती, साध्या टाचणीनं.

आता तिथे लाल डोक्याची टाचणी होती.

मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या डब्यात बघत होत्या.

"भाऊ, ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते मी काढते."

मी टाचणी काढली. अकराही पानांच्या समासात पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. शाळेच्या वह्या तपासताना ती करायची तशा, बरोबरच्या. एका ठिकाणी 'असं दुखत नाही' असं लिहून तिनं लेखकाचं वाक्य सुधारलं होतं. आणि अकराव्या पानाच्या तळाशी, तिच्या फळ्यावरच्या सरळ अक्षरात:

"कुमुदताई, माझं वाचून झालं. टाचणी परत लावून ठेवा. ह्यांना सांगू नका, घाबरतील."