आत्याचा डावा कोपरा

आमच्या आम्रपाली आत्याचं कौतुक करणं महाकठीण, कारण ती ते मध्येच दुरुस्त करते. रावेतच्या माझ्या नव्या फ्लॅटमध्ये गृहप्रवेशाच्या बुद्धवंदनेच्या दिवशी मी शेजाऱ्यांना तोऱ्यात सांगितलं, "ही माझी आत्या. चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या सीटा बनवते." आत्याने खिरीची वाटी खाली ठेवली. "सीटा नाही गं, मिनल. सीटच्या पाठीचा उजवा कोपरा."

खरंच तेवढंच. एकोणीस वर्षं ती लाइनवर एकाच टेबलाशी उभी आहे. फोम चढवलेली पाठ समोर आली, की डाव्या हाताने कापड ताणायचं आणि उजव्या हातातल्या गनने पिना मारायच्या. कोपऱ्यावर एकही चुणी दिसता कामा नये. टेबलापलीकडे रंगराव. ते डावखुरे, म्हणून डावा कोपरा त्यांचा. रस्त्यात त्यांच्या कंपनीच्या सीटची गाडी उभी दिसली, की आत्या काचेला नाक लावून आपला कोपरा बघते. लाज आम्हाला वाटते, तिला नाही.

मी पलंगाच्या उशाला लावायचा गादीचा हेडबोर्ड मोबाईलवर शोधत होते, तेव्हा ती म्हणाली, "मी करते. पुढच्या वर्षी रिटायर होईन. त्याआधी एक तरी वस्तू मला अख्खी करायचीय." तिचा आवाज असा काही होता, की मी मोबाईल ठेवून दिला.

रविवारी सकाळीच माझ्या हॉलचा कारखाना झाला. आत्याने प्लायवूडवर दोन इंची फोम चिकटवला, वर मोरपंखी कापड घातलं आणि सगळं पालथं करून कडेने पिना मारत सुटली. गन रंगरावांनी पुतण्याच्या फर्निचरच्या दुकानातून आणून दिली होती. माझं काम फक्त धरण्याचं, तरी दोनदा बोलणी खाल्ली. उजवा कोपरा तिने माझ्याशी गप्पा मारता मारता बसवला. बोट फिरवलं तर जोड लागेना.

मग ती डावीकडे आली. कापड ताणलं, पिना मारल्या, उलटून पाहिलं. कोपऱ्यावर चांगल्या तीन चुण्या. पिना काढल्या, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर पहिल्यापेक्षा वाईट. "हात तिकडे वळतच नाही," ती म्हणाली आणि फरशीवर बसली. मी म्हटलं, "राहू दे ना, उशीमागे झाकलं जाईल." आत्याने माझ्याकडे असं काही बघितलं, की माझीच मला शरम वाटली.

दुपारी रंगराव गन न्यायला आले. त्यांनी कोपरा पाहिला आणि लगेच बाह्या सरसावल्या. "सरका ताई, दोन मिनिटांचं काम हाय."

"हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "नुसतं सांगा."

रंगराव सांगायला गेले आणि अडले. तोंडाने सांगायची वेळच कधी आली नव्हती. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि हवेतच कोपरा बसवायला लागले. उजव्या हाताने टोक खाली ओढलं, डाव्या हाताने पिन मारली, मग बाजूची घडी आत. आत्याने तीन वेळा पाहिलं. मग गन डाव्या हातात घेतली. पहिली पिन तिरपी गेली. ती तिने उपसून टाकली. पुढच्या अकरा सरळ बसल्या.

आम्ही हेडबोर्ड उलटला. चुणी नव्हती. आत्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवला आणि म्हणाली, "हे मी केलं." यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. माझा ऊर अभिमानाने भरून आला.

रंगरावांनीही हात फिरवला. डावा कोपरा चाचपून ते मान हलवत राहिले. मग उजव्या कोपऱ्याशी बराच वेळ थांबले.

"ताई," ते हळूच म्हणाले, "मी बी उजवा कंदी लावला न्हाई."

आत्याने हेडबोर्ड पुन्हा पालथा घातला, पक्कड उचलली आणि उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या पिना एकेक करून काढायला लागली.