तिच्या फोनवर अडकलेली मिरची

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर रोपांचे ट्रे भरले. शेडनेटच्या जाळीखाली समोरासमोर बसलो होतो. मी कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, दाबत होतो, ती एकेका खळग्यात टोमॅटोचं बी टाकत होती. मी फार घट्ट दाबतो असं तिचं म्हणणं. "बी टाकायचंय, मेख न्हाई ठोकायची," म्हणाली. ऊन कलल्यावर उठलो, हात धुतले, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी तिच्या छातीत दुखलं. राहुरीच्या दवाखान्यात पोचायच्या आत गेली.

आमची रोपांची नर्सरी आहे. मिरची, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर. बुकिंग सगळं तिच्याकडं. मी चौथीत शाळा सोडली, ती सातवी झालेली, आणि फोनवर बोलायला तीच बरी. मी बोलतोय का भांडतोय ते गिऱ्हाइकाला कळत नाही, असं लेक म्हणते. लेक पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. नर्सरीचं मोबाईलवरचं पान तिनंच बनवलं. कोणतं रोप शिल्लक आहे, कोणतं कधी निघणार, सगळं त्यात, आणि बुकिंगही तिथंच.

आधी प्रत्येक बदल लेक हातानं चढवायची. एकदा घाईत काहीतरी राहिलं आणि दिवसभर पान कोरं. मग तिनं ते काम आपोआप होईल असं बसवलं. ओट्यावर लॅपटॉप घेऊन आम्हाला समजावलं. ती लिहून पाठवणार. एका कंपनीचं मशीन ते उचलणार, जुळवणार, खोटी बुकिंग करून हिशोब बरोबर येतो का ते बघणार. चुकलं तर लाल खूण, आणि तिथंच थांबायचं. बरोबर आलं तर क्लाउडवर चढवायचं. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे मोठे कॉम्प्युटर, त्यात आपली भाड्याची जागा. त्या जागेची चावी मशीनला द्यावी लागते म्हणाली.

मी म्हणालो, परक्याच्या हातात चावी कशाला?

"आबा, त्या चावीनं तुमचं कपाट नाही उघडत. फक्त आपलं पान बदलता येतं."

एक थांबा मात्र तिनं मुद्दाम ठेवला. मशीननं सगळं तपासलं तरी आईच्या फोनवर विचारणा येणार. आईनं बघून 'हो' दाबल्याशिवाय पान बदलणार नाही. कारण पानावर चुकीचं गेलं तर फोन हिलाच यायचे. हिनं ते मनावर घेतलं. चष्मा लावून, पदरानं काच पुसून, ओळ न ओळ वाचायची. एकदा कोबी मंगळवारी तयार म्हणून लिहिलं होतं, तर हिनं नाही म्हणून परत पाठवलं. कोबीला अजून धड पानं फुटली नव्हती. लेक हसून म्हणाली, माझ्या ऑफिसातला साहेब परवडला.

बायको गेल्यावर तिचा फोन मी बंद करून कपाटात ठेवला. दहावा, तेरावा झाला, लेक पुण्याला गेली. नर्सरीत माणसं येत होती, रोपं जात होती, मी देत होतो. पानाकडं मी कधी बघितलंच नव्हतं, तेव्हाही बघितलं नाही.

मग पुणतांब्याचा एक शेतकरी मिरचीसाठी टेम्पो घेऊन आला. मिरची कधीच संपली होती. त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "ह्ये काय लिवलंय? मिरची हाय म्हनून? भाडं कोन देनार टेम्पोचं, तुमचा मोबाईल?" मी म्हणालो, यायच्या आधी फोन करायचा. तो म्हणाला, चार दिस करतोय, बंद हाय. तरी मी भांडत राहिलो. जाताना म्हणाला, "पाटी बदला बाबा. नर्सरी न्हाई, फसवनूक लिवा."

संध्याकाळी लेकीला फोन लावून शिव्या घातल्या. ती शनिवारी आली आणि लॅपटॉप उघडून दाखवलं. मिरची संपल्याचं मी तिला फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं, ते तिनं कधीच लिहून पाठवलं होतं. मशीननं तपासलं होतं, बरोबर म्हणालं होतं. पुढं आईच्या होकारासाठी सगळं अडकलं होतं. त्याच्यामागं टोमॅटोचं, फ्लॉवरचं, सगळी रांग.

मी म्हणालो, तुला तो थांबा काढता येत न्हाई का?

"येतो. आईचं नाव खोडायला हात गेला नाही. वाटलं, तुम्ही फोन चालू कराल."

आणि मला वाटत होतं, तो फोन कुणी मागू नये.

मग तिनं विचारलं, आईच्या जागी तुमचा नंबर घालू का. तुम्हालाही विरंगुळा होईल. मला राग आला. एक ओळ वाचायला मला किती वेळ लागतो ते तिला ठाऊक आहे. मी वाचत बसायचं आणि लोकांनी टेम्पो घेऊन फिरायचं?

"मला शोभेला बसवू नको," मी म्हणालो. "आई गेली. तिच्या नावावर लोकांना थांबवू नको. काढ त्ये."

तिनं माझ्यासमोर काढलं. फार काही करावं लागलं नाही. थोडा वेळ एक चक्र फिरत राहिलं, मग हिरवी खूण आली, मग दुसरी. तिनं पान उघडून वाचून दाखवलं. मिरची संपली, टोमॅटो पुढच्या आठवड्यात. बरोबर होतं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी शेडनेटला जाऊन पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोचा फोन कपाटातून काढला, चार्जिंगला लावला, चालू केला. बंद असताना कुणी कुणी फोन लावले त्याचे मेसेज आले; चार दिवस पुन्हा पुन्हा लावलेला त्या शेतकऱ्याचा नंबर वरच होता. आधी मी बेलापूरकडच्या एका नर्सरीवाल्याला विचारलं. त्याच्याकडं मिरची होती. ठेव म्हणालो. मग पुणतांब्याला लावला.

"पानावर खोटं हुतं," मी म्हणालो. "माझी बायको गेली. तिच्या फोनवर अडकलं हुतं. बेलापुराजवळ तुमच्यासाठी मिरची धरून ठेवायला सांगितलीय."

तो म्हणाला, त्या दिवशीच सांगायचं हुतं बाबा.

"तवा जमलं न्हाई," मी म्हणालो. "टेम्पो कधी नेताय, बोला."