स्मरणिकेत न आलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — खरंच माहीत नाही.

दुबईतल्या आमच्या मंडळाचं मराठी वाचनालय कुणी सुरू केलं? पंचविसाव्या वर्षाची स्मरणिका उघडा, उत्तर मिळेल — अध्यक्षांनी, स्वतःच्या घरी. तो लेख माझा आहे. आणि ते खोटं आहे.

सुरू केलं इब्राहिमभाईंनी. मूळचे रत्नागिरीचे, मीना बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. दर सुट्टीवरून येताना घरच्या खाऊचे डबे कमी करून बॅगेत मराठी पुस्तकं भरायचे. बर दुबई भागातल्या खोलीत त्यांचं एकच कपाट. त्यात पुस्तकं, आणि कपडे खिळ्यांना टांगलेले. मी तेव्हा नवा, एकटा. दर शुक्रवारी तिथे जाऊन बसायचो. मी इतिहासात बीए केलंय हे कळल्यावर त्यांनी माझ्यासाठी एका प्राचीन रोमन इतिहासकाराचं जाडजूड पुस्तक कुठूनसं शोधून आणलं.

त्या पुस्तकाने मला वेड लावलं. राग-लोभ बाजूला ठेवून लिहू बघणारा माणूस! आपलं आयुष्य नशीब चालवतं की नुसता योगायोग, हे ठरवता येत नाही असं सरळ कबूल करणारा. एका गोष्टीची मात्र त्याला खात्री होती — सम्राटाने मागायच्या आधीच मोठमोठी माणसं वाकतात. किती हसलो होतो मी त्या माणसांना.

मग स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष म्हणजे ऑफिसात माझे साहेब. माझं प्रमोशन त्यांच्या टेबलावर. तुम्हाला वाटेल, त्यांनी दबाव आणला — नाही हो. एका शब्दानेही नाही. इब्राहिमभाईंचा परिच्छेद मी लिहिला होता. मीच तो खोडला, आणि तिथे साहेबांना बसवलं.

स्मरणिका निघाली तेव्हा इब्राहिमभाई कायमचे गावी निघाले होते. चष्मा लावून त्यांनी माझा लेख उभ्या उभ्या वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून — ओळींवरून बोट फिरवत. मी म्हणालो, प्रेसवाल्याने घोळ केला, तुमचा परिच्छेदच उडाला.

"अरे हबीबी, होतं असं. नशिबात नव्हतं, खलास." वर माझीच पाठ थोपटली.

नशीब! मीही मान डोलावली. प्रमोशन मिळालं. आम्ही डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मोठ्या घरात आलो.

मागच्या महिन्यात इब्राहिमभाई गेले. त्यांच्या मुलीने त्या पानाचा फोटो पाठवला. अब्बांनी अंक जपून ठेवला होता म्हणे. समासात पेन्सिलीने त्यांचं अक्षर — 'माझ्याबद्दलचा मजकूर छापखान्यात राहिला. लिहिणाऱ्याचा दोष नाही.'

खाली मुलीने विचारलं होतं, "अंकल, खरंच प्रेसची चूक होती ना?"

मी 'हो' लिहून पाठवलं.