थोरल्याच्या वाट्याला पाय

इंदापूरच्या एसटी स्टँडमागं गोकुळचं व्हिडिओ सेंटर होतं, आणि तिथं माईक घेऊन बसणाऱ्या माणसाला सगळे श्रीपतीआबा म्हणत. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. आबा मूळचे कऱ्हाटीचे. आवाज असा, की मांडवात त्यांनी नुसतं खाकरलं तरी जेवणारी पंगत मान वर करायची. लग्नात पाहुण्यांची नावं पुकारायची आणि निवडणुकीत रिक्षातून ओरडत फिरायचं, हाच त्यांचा धंदा. गावाकडची शेती धाकटा भाऊ मोहन बघायचा. आबांना चिखल आणि हुकूम या दोन गोष्टी सोसत नसत.

गोकुळ सेंटर चालवायचा आणि लग्नांचं शूटिंगही करायचा. कोऱ्या कॅसेटी महाग, म्हणून मुंबईहून वापरलेल्या कॅसेटींचं खोकं आणायचं आणि त्यांच्यावर लग्नं भरायची, असा त्याचा खाक्या. एका खोक्यातून जपानी कार्टूनं निघाली. चार मजली लोखंडी माणसं एकमेकांना बुकलत होती, आणि काय बोलत होती ते त्यांचं त्यांना ठाऊक. गोकुळ ती पुसायलाच निघाला होता.

आबा म्हणाले, "थांब. टीव्हीचा आवाज बंद कर. म्या सांगतो."

बाजारादिवशी दुपारी खेळ लागला. पडद्यावर जपानी माणसं तोंड हलवायची आणि त्यांच्या तोंडी शब्द यायचे कऱ्हाटीचे. दोन बाजारांत सेंटरात पाय ठेवायला जागा उरली नाही.

आबांनी खोकं उपसून कॅसेटी पिढ्यांप्रमाणं लावल्या. पणजोबा म्हणजे काळीपांढरी कॅसेट. तिच्यात लोखंडी माणूस एकीकडं आणि पोरगं दुसरीकडं, हातात चालवायची डबी घेऊन. चोरानं डबी पळवली की तो लोखंडी राक्षस चोराचा. पुढच्या पिढीत रंग आले आणि पोरगं सरळ राक्षसाच्या डोक्यात जाऊन बसलं. मग तीन-चार गाड्या एकमेकींना जोडून एक राक्षस उभा राहायला लागला. अगदी शेवटच्या पिढीत राक्षसांचं कौतुकच संपलं. लष्कराच्या ट्रकासारखे ते रांगेनं उभे, वाटेत बंद पडणारे, आणि आत बसलेली तरणी पोरं घाबरून रडणारी. ती कॅसेट आबांना आवडली नाही. खरं बघायला बाहेर रस्ता हाय की, म्हणाले.

जपानात साठच्या दशकापासून गोष्ट साधारण याच क्रमानं पुढं सरकली होती, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. मधे खेळणी विकणाऱ्यांनीही हात धुऊन घेतले होते. आबांच्या क्रमात एक-दोन पणतू आजोबांच्या जागी बसले होते, पण इंदापुरात कुणाचं अडलं नाही.

लोकांना त्यात काय गवसायचं? लोणी देवकरच्या कारखान्यातून सुटून आलेली पोरं सगळ्यांत पुढं बसायची. दिवसभर मशीन हलेल तसं हलायचं आणि इथं माणूस हलेल तसं मशीन हलताना बघायचं, यात त्यांना फार सुख होतं. मला विचाराल तर एवढं कारण पुरेसं आहे.

पण सेंटर खरं भरलं ते पाच भावांच्या कॅसेटींवर. त्यात बाप मोठा कारागीर. मरताना त्यानं पाच पोरांना पाच गाड्या वाटून दिल्या. एकीचं डोकं व्हायचं, एकीची छाती, दोन गाड्यांचे हात आणि एकीचे पाय. पाचही जुळल्या तरच राक्षस उभा राहणार. आपल्याकडं बाप मरतो आणि पोरं बांधावरून कोर्टात जातात. या बापानं वाटणीच अशी केली, की वेगळं निघालं तर हाती काही उरूच नये.

त्यात थोरल्याच्या वाट्याला पाय आले होते. आबांना ते आधी रुचलं नाही. थोरल्याला डोकं द्यायचं सोडून पाय? पण लोकांसमोर त्यांनी बाजू सावरली. "वझं थोरल्यानंच उचलायचं असतंय. डोकं काय, वर बसून नुसतं बघतंय."

शेवटून दुसऱ्या कॅसेटीत थोरला रुसून गाडी घेऊन निघून गेला. का गेला ते जपानीत होतं. आबांनी आपल्या मनानं सांगितलं, "धाकट्यानं निरोप दुसऱ्याच्या हातानं धाडला. सोता आला न्हाय. थोरल्याला मान हाय का न्हाय?"

बाया हळहळल्या. गोकुळ मात्र मान खाली घालून वायर चाचपत बसला, कारण तो दुसरा हात त्याचाच होता. वर्षापूर्वी मोहनच्या मुलीचं, ज्योत्स्नाचं लग्न ठरलं. शूटिंग ठरवायला आलेल्या मोहननं पत्रिका गोकुळपाशीच दिली, आबांना दे म्हणाला. घाईत होता बिचारा. आबांना ते जिव्हारी लागलं. ज्योत्स्ना त्यांच्या खांद्यावर वाढलेली, आणि तिची पत्रिका व्हिडिओवाल्याच्या हातून यावी? ते गेले नाहीत. वर जो भेटेल त्याला सांगत सुटले, की मला बोलवलंच नाही. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं बंद.

आबांची बायको रंगुबाई एकदाच म्हणाली होती, "तुमी गेला न्हाय, हे खरं. बोलवलं न्हाय, हे खोटं." त्या दिवशी आबा जेवले नाहीत. लग्नाहून आलेल्या गोकुळनंही काही सांगायला तोंड उघडलं होतं. "त्या लग्नाचं नाव काढायचं न्हाय," म्हणून आबांनी त्यालाही गप्प केलं.

शेवटच्या कॅसेटीला ही गर्दी लोटली. थोरला परत येतो का, हे सगळ्यांना बघायचं होतं, आणि आबांना सगळ्यांपेक्षा जास्त. ते त्यांनी कबूल केलं नसतं, पण त्या दिवशी ते तासभर आधीच येऊन बसले होते.

चार भाऊ लढत होते. पाय नसलेला राक्षस जमिनीवर आडवा पडून मार खात होता. लांब वाळूत थोरल्याची गाडी उभी होती, आणि तिच्यातला लाल दिवा लागत होता, विझत होता. "भाऊ हाक मारत्यात," आबा म्हणाले. "थोरला ऐकतोय, पर…"

पडद्यावर मुंग्या आल्या. आणि मुंग्या गेल्या तेव्हा समोर मांडव होता. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, पुढं फुलं, आणि पांढऱ्या साडीत खाली बघत उभी असलेली ज्योत्स्ना.

पोरांनी एकच कालवा केला. कॅसेटीच्या कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. बाकीच्या कॅसेटींचा गोकुळनं मोडला होता, हिचा राहिला होता, आणि हिच्यावर, मागं न फिरवताच मधूनच, त्यानं दुकानात ठेवायची लग्नाची कॉपी भरली होती. तो धडपडत उठला आणि घाबरून बंद करायच्या बटणाऐवजी आवाजाचं बटण पिळून बसला.

"मुलीचे मोठे चुलते श्रीपतीआबा जिथं असतील तिथून स्टेजकडं यावं," मांडवातला माईक म्हणाला. आवाज कुणा नवख्याचा होता. कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. मोहन हातात फेटा घेऊन मांडवाच्या दाराकडं बघत उभा होता. लग्न लावणारे घड्याळ बघायला लागले. तेव्हा मोहननंच माईक घेतला. त्यानं जन्मात कधी माईक धरला नव्हता. ओठांना टेकवून बोलला, तसा माईक किंचाळला.

"दादा, आला असशील तर म्होरं ये रं. चुकलं माझं. तुझ्याबिगार सुरू करवत न्हाय."

 मग पुढच्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर त्यानं फेटा ठेवला आणि लग्न लागलं.

 आबांना फार लाज वाटली. वर्षभर ज्या गोष्टीवर ते ताठ उभे होते, ती खोटी आहे हे त्यांना आधीही माहीत होतं, पण आता ते गावानं ऐकलं होतं.

मागून एका पोरीनं विचारलं, "आबा, मंग थोरला आला का न्हाय?"

आबांनी माईक तोंडाशी नेला. 

"न्हाय आला," ते म्हणाले. "आता निगालाय."

माईक खाली ठेवून, टोपी घालून ते बारामतीच्या गाडीला गेले. कऱ्हाटीची पुढची गाडी तिथून मिळते.

गोकुळनं कॅसेट बाहेर काढली आणि आधी तिच्या कडेचा तुकडा मोडला.