अर्धा क्लच

डेपोत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. नव्या ड्रायव्हरांची परीक्षा तेच घेत आणि त्यांच्या हातून पास होणं म्हणजे लोखंडाचे चणे खाणं. टेकडीच्या थांब्यावर, भर चढावर, ते बस थांबवायला लावत आणि ब्रेक सोडून नुसत्या अर्ध्या क्लचवर, म्हणजे डाव्या पायाने पेडल निम्मंच दाबून, धरायला सांगत. गाडी मागे सरकली तर नापास. सरकली नाही तरी उस्ताद खाली वाकून पोराचा डावा पाय बघत. "पाय थरथरतोय. पुन्हा ये," एवढंच म्हणत. रात्री जेवताना बायकोला ही हकिगत रंगवून सांगत.

हेच उस्ताद हल्ली पलंगावर बसून पंख्याला, उशीला आणि बायकोला फैलावर घेत होते.

झालं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखंही नव्हतं. जन्मभर बस चालवून अंगावर ओरखडा न आलेला हा माणूस उभ्या गाडीतून उतरताना पडला. केबिनची शेवटची पायरी ते नेहमीच गाळत. त्या दिवशी खाली ग्रीस सांडलं होतं, डावं पाऊल वाकडं पडलं आणि आतली हाडं मोडली. भेटायला येणारा प्रत्येक जण "कुठे धडकलात?" असं विचारी आणि उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात जाई. तळपाय तरी कुठे धड होता म्हणा.

प्लास्टर निघालं तेव्हा वाटलं, सुटलो. कसचं काय. बाहेर आला तो पाय त्यांना आपला वाटेना, इतका बारीक आणि पांढुरका. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता चाला. व्यायाम शिकवणारी बाई सांगून गेली, "पाय हलकेच टेकवा, थोडाच भार द्या." आणि इथेच घोडं पेंड खात होतं. उस्तादांना थोडा भार देताच येईना. वॉकर धरून उभे राहिले की एकतर पाय हवेत, नाहीतर सगळा देह त्या पायावर. मग कळ डोक्यात जाई आणि स्वयंपाकघराकडे निघालेली स्वारी पलंगापाशीच बसे.

"स्वयंपाकघर काय परदेशात आहे का," ते स्वतःवरच खेकसत. मग वड्याचं तेल वांग्यावर निघे. पायपुसणं मधे का, चहा गार का. बायको पायपुसणं उचलून ठेवी, चहा गरम करून पलंगाशी आणून देई आणि काही बोलत नसे. तिचं हे न बोलणं त्यांना सगळ्यात जास्त टोचे.

शनिवारी त्यांचा जुना कंडक्टर डेपोतून निरोप घेऊन आला.

"साहेब विचारतायत, सोमवारी गाडीवर येताय, की तुम्हाला चौकशीच्या खिडकीत बसवून टेकडीची गाडी दुसऱ्याला देऊ? डॉक्टर म्हणालेत, झेपतंय असं तुम्ही सांगा, मी दाखला देतो. संध्याकाळपर्यंत फोन करा."

चौकशीची खिडकी. जाळीमागे बसून दिवसभर, गाडी गेली का आणि कधी येणार, याची उत्तरं द्यायची.

"येतो म्हणून सांग," असं म्हणत उस्ताद चालून दाखवायला म्हणून ताडकन उठले. पाय टेकला, कळ आली, पाय वर. वॉकर कपाटावर जाऊन आदळला.

कंडक्टर हसायला लागला. "उस्ताद, तुम्ही पोरांना काय शिकवता? क्लच दाबायचा तर तळापर्यंत, नाहीतर पाय बाजूला. पाय रेंगाळला तर प्लेट जळते. तुम्ही घरात तेच करताय."

खरंच होतं ते. डाव्या पायात ठोकून बसवलेली शिस्त पाय मोडला तरी मोडली नव्हती.

"मग काय करू?"

"टेकडीवर करता तेच. अर्धा क्लच."

उस्तादांनी वॉकर ओढून घेतला आणि दात आवळले. पाय टेकवला, भार निम्म्यावर आणला, तिथेच धरला. कळ आली, पण सोसण्याइतकी. उजवा पाय पुढे पडला. करत करत ते स्वयंपाकघरात पोचले आणि त्यांनी ओटा धरला.

"सांगतो साहेबांना," कंडक्टर खूश होऊन म्हणाला.

"थांब. फोन मीच करीन."

तो गेला. उस्तादांनी वॉकर बाजूला सारला आणि डावा पाय निम्म्या भारावर धरून खाली पाहिलं. जरा वेळ ठीक चाललं, मग पाय थरथरू लागला. त्यांनी पुन्हा धरला. पुन्हा थरथर. बायको पाठमोरी चहा करत होती. कुणी पाहिलं नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. पण त्या चढावर पाठीशी माणसांनी भरलेली बस असते.

"मेल्या," ते पायाला म्हणाले आणि फोन लावला. "साहेब, सोमवारी नाही जमणार. खिडकीत बसतो."

"कोण म्हणालं नाही जमणार?"

"परीक्षा घेतली," म्हणून त्यांनी फोन ठेवला. रागाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आता चहा गार निघावा आणि कुणावर तरी ओरडावं, असं त्यांना फार वाटत होतं.

बायकोने वाफाळता कप त्यांच्यापुढे ओट्यावर ठेवला आणि वाकून त्यांच्या पायाकडे पाहिलं.

"पाय थरथरतोय," ती म्हणाली. "उद्या पुन्हा या. चहा इथेच मिळेल."