नॉर्मलवाल्यांचा बाक

१९९६ सालचा जानेवारी. उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते आणि सुरतेत विजेच्या तारांवर अजून फाटके पतंग लोंबत होते. त्या थंडीत आमचा बाक सुरू झाला. लूमखाली तुटके धागे साचतात तसे किस्से साचतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. झाडायला कोणी येत नाही, एवढंच.

मी चौथी शिकलो. जन्म लूमवर गेला. सांगायचं ते सरळ सांगतो.

*

कुलकर्णीबाई डॉक्टर होत्या, पण औषध देणाऱ्या नव्हेत. हृदयाचा झटका कोणाला येणार हे रक्तात आधी दिसतं का, ते त्या शोधत होत्या. त्यासाठी आमच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात आल्या आणि खडखडाटात ओरडून विचारू लागल्या, "कोणाला काही आजार आहे का?"

गोळ्या फुकट मिळतील म्हणून सगळ्यांना आजार झाले. एकाची कंबर, एकाची छाती. सुकदेव पाटलाला तर उभ्या जागी चार आजार झाले!

मी म्हणालो, "मला काही नाही."

बाई एकदम वळल्या. "मला असेच हवेत, आप्पा! आजारी माणसाच्या रक्ताशी ताडून बघायला निरोगी माणूस लागतो."

ते ऐकून सुकदेवचे चारही आजार तिथल्या तिथे बरे झाले!

आमचं नाव पडलं 'नॉर्मल'. आपल्याकडे काही नाही म्हणून कोणी आपल्याला निवडलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

*

दर दोन महिन्यांनी पहाटे उपाशी पोटी प्रयोगशाळेत जायचं. बाहेर लाकडी बाक. आत जिग्नेश नावाचा पोरगेला टेक्निशियन सुई घेऊन बसलेला. एकेकाने आत जायचं, रक्त द्यायचं, परत बाकावर. मग चहा आणि बिस्किटं.

पहिल्याच दिवशी सुकदेव रक्त देऊन आला आणि कपावर तुटून पडला. मी म्हणालो, "पंगतीत सगळ्यांना वाढून होण्याआधी घास घेतोस का?"

त्याने कप खाली ठेवला. तेव्हापासून बाकाचा नियम झाला. शेवटच्याचं रक्त निघेपर्यंत चहाला कोणी हात लावायचा नाही.

जिग्नेश आतून ओरडायचा, "काका, चा ठंडी थई जशे!"

होऊ दे. चहा गार झाला तर चालतो.

*

बाईंनी सांगितलं होतं, रात्रीपासून उपाशी राहा. एकदा सुकदेवचं रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं आणि जिग्नेश ट्यूब घेऊन बाहेर आला. वरचं पाणी पिवळसर निघायला हवं. ते पांढरंफटक.

"काका, आ लोही छे के दूध?"

बाईंनी विचारलं, "पाटील, काय खाल्लंत?"

"काहीच नाही. कडक उपास केला, बाई. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचा कूट, वर थोडे बटाटे. तूप मात्र घरचं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "पाणी सोडून पोटात काही जायला नको."

सुकदेव म्हणाला, "मग त्याला उपास कशाला म्हणता? आमचा मालक देतो तो पगार म्हणा!"

*

आमचं उरलेलं रक्त मोठ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचे. पुढे नवीन तपासणी निघाली तर जुनंच रक्त पुन्हा तपासता येतं, असं बाई म्हणायच्या. सुकदेवला संशय. "हे लोक विकतात की काय आपलं रक्त?"

माझ्या शेजारी भिला बसायचा. लूमला लागणारा ताणा, म्हणजे उभे धागे, भरणारा, धुळ्याकडचा. तो कमी बोलायचा. त्या दिवशी बोलला, "विकू दे. लूमवाल्याचं रक्त कोणाला चढवलं तर तो माणूस रात्रभर खडखड करेल!"

बाकावर मी हसत नसे. त्या दिवशी हसलो.

भिला माझ्याशी अहिराणीत बोलायचा. माझीही बोली तीच. पण सुरतेतच गोडादऱ्याला मी मुलाच्या घरी राहतो, तिथे बायको वारल्यापासून ती बोलणारं कोणी नव्हतं. नातवंडं आपसात गुजरातीत भांडतात आणि मला हिंदीत उत्तर देतात. मी भिलाला मराठीतच उत्तर द्यायचो. सवय मोडली होती.

*

एकदा बाईंनी आम्हाला मायक्रोस्कोपमध्ये बघू दिलं. बोटाला टोचून थेंब घ्यायच्या, काचेवर पसरायच्या. ज्याचं रक्त त्याने बघायचं.

"ह्या लाल पेशी," बाई म्हणाल्या. "प्रत्येकीला पातळ भिंत असते, चरबीची. ती भिंत कडक झाली की पेशी बारीक नळीतून जाताना अडते. ती कशाने कडक होते, ते मी बघते आहे."

सुकदेव म्हणाला, "माझ्या तर दिसतच नाहीत!" त्याने दुसरा डोळा मिटण्याऐवजी दोन्ही मिटले होते.

मग मी बघितलं. काठाला काठ लावून, एकीवर एक चढलेल्या, मुंगी शिरायला जागा नाही.

"काय दिसतं, आप्पा?"

मी म्हणालो, "माझ्या आत एवढी गर्दी आहे, हे मला माहीत नव्हतं."

*

दर वर्षाला प्रश्न विचारायचे. तंबाखू खाता का, झोप किती, पायी किती चालता. एका वर्षी बाईंनी एक नवा प्रश्न घातला होता.

"जेवताना तुमच्याबरोबर कोण असतं?"

"भिंत."

बाई लिहायच्या थांबल्या. माझ्याकडे बघू लागल्या. मला कोणी असं बघितलेलं चालत नाही.

"लिहा की," मी म्हणालो. "पेशीला असते, तशीच."

*

पावसाळ्यात एकदा माझी शीर सापडेना. जिग्नेशने डावा हात बघितला, उजवा बघितला, चापट्या मारल्या. "मुठ्ठी वाळो, काका." वळली. टोचलं, रक्त नाही. पुन्हा टोचलं, नाही. हातावर गरम पाण्याचा कपडा ठेवून मला बसवलं. बाहेर सगळ्यांचं रक्त देऊन झालं होतं. शिफ्टची वेळ होत आली होती.

मी आतून ओरडलो, "चहा घ्या आणि निघा. नियम मी केला, मीच मोडतो."

कप वाजले, चपला वाजल्या. मग शांत झालं.

किती वेळ गेला माहीत नाही. एकदाचं रक्त निघालं. बाहेर आलो तर बाकावर भिला. रात्रभर ताणा भरून आलेला आणि दिवसाची जादा शिफ्ट पकडणारा माणूस. शिफ्ट गेली होती. कप समोर भरलेला, वर साय धरलेली.

"तू गेला नाहीस?"

"माले घाई नही," तो म्हणाला. माझा कप माझ्याकडे सरकवला. मी नुसता बघत होतो, तसा म्हणाला, "काय दखी राह्यना? पी आते."

मी प्यायलो. मग तो प्यायला.

मी कोणाचं ठेवून घेत नाही. हे मात्र माझ्यावर राहिलं.

*

फेडायचं म्हणून पुढच्या वेळी मी रांगेत भिलाच्या पुढे घुसलो. म्हटलं, आधी माझं होऊ दे, मग ह्याची वाट बघत बसतो. पण भिलाची शीर म्हणजे दोरखंड! तो आत गेला आणि मी बाकावर नीट टेकायच्या आत दंडावर कापूस दाबत बाहेर.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"एवढ्यात?"

जिग्नेश आतून खूश होऊन म्हणाला, "भिलाकाका तो एक नंबर छे!"

माणूस वाट बघायचीसुद्धा संधी देईना. मला राग आला.

*

नवरात्र संपली आणि भिला ताण्याच्या मशीनवरच कोसळला. झटका. बाईंनी खटपट करून त्याला मोठ्या दवाखान्यात खाट मिळवून दिली. त्याची बायको गावाला होती. निरोप गेला होता. मी दाराबाहेर जाऊन बसलो.

बाई आल्या. हातात काही नव्हतं, तरी काही हरवल्यासारख्या उभ्या राहिल्या. "आप्पा, ह्यांची चरबी, साखर, सगळं चांगलं होतं. अख्ख्या बाकात ह्यांचं रक्त सगळ्यात चांगलं."

"मग चुकलं काय?"

"जे चुकलं ते आम्हाला अजून मोजता येत नाही."

खरं बोलल्या. त्यांच्याबद्दल माझा मान वाढला.

सिस्टर सांगून गेली, पेशंटच्या पोटात सध्या काही द्यायचं नाही. दुपारी सुकदेव डबा घेऊन आला. मी तो बाजूला ठेवला.

"आप्पा, खाऊन घ्या. तुम्ही पडलात तर तुम्हाला कोण उचलेल?"

"तू जा. शिफ्ट बुडेल."

तो डब्याकडे बघत उभा राहिला, मग गेला. संध्याकाळी जिग्नेश आला, कप घेऊन. "चा पी लो, काका."

"शेवटच्याचं अजून व्हायचंय."

तो पोरगा कप माझ्या शेजारी ठेवून गेला. रात्र गेली. कपावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी ऊन दारापर्यंत आलं तेव्हा सिस्टर म्हणाली, "अर्धा कप चहा चालेल त्यांना."

मी खाली टपरीवर गेलो. जिना उतरताना कठडा धरावा लागला. दोन कप घेऊन वर आलो. भिलाला उशी लावून बसवलं होतं. त्याच्या हातात कप दिला. त्याने कपाकडे बघितलं, मग माझ्या सुकलेल्या ओठांकडे, मग माझ्या हातातल्या भरलेल्या कपाकडे.

मी म्हणालो, "काय दखी राह्यना? पी आते."

तो प्यायला. मग मी प्यायलो.