जाफराबादवरून परत

तांडेल कुठल्याही प्रवासाचा बेत शेवटून लिहायला घ्यायचे. कागदाच्या तळाशी आधी परतीची वेळ, तिच्यावर मागे फिरायची जागा आणि सगळ्यात वर, उरलेल्या जागेत, जिथे जायचं ते ठिकाण. विमान असो की चिपळूणचा साखरपुडा, पद्धत हीच. भाच्याच्या त्या साखरपुड्याला निघालेली सुमो त्यांनी पळस्प्याच्या नाक्यावरून मागे वळवली होती. साडेआठच्या आत नाका ओलांडायचा असं ठरलं होतं आणि घड्याळात पावणेनऊ झाले होते. गाडीत पेढ्यांचे खोके घेऊन बसलेल्या बायका वर्षभर त्यांच्याशी नीट बोलल्या नाहीत.

त्यांचं खरं नाव क्लबच्या कागदांवरच असायचं. घाटावरच्या आमच्या लहानशा फ्लाइंग क्लबात ते मुख्य प्रशिक्षक होते. उरणजवळच्या कोळीवाड्यात जन्मलेले, वडील मच्छीमार बोटीचे तांडेल, म्हणजे बोटीवरचा शब्द ज्याचा शेवटचा तो. मुलाने बोट सोडून विमान धरलं, मेकॅनिकचा प्रशिक्षक झाला, तरी बापाचं बिरुद त्याला चिकटलंच. आम्ही समोर ‘सर’ म्हणायचो आणि पाठीमागे तांडेल. ते मला ‘बाय’ म्हणायचे. ऐरोलीत संगणकापुढे बसून नोकरी करणारी, पस्तिशी उलटल्यावर विमान शिकायला आलेली मी त्यांची सगळ्यात उशिरा उगवलेली विद्यार्थिनी होते. शिवाय नवीन पनवेलला आमच्या इमारती दोन गल्ल्यांच्या अंतरावर होत्या. त्यामुळे शिकवणी संपली तरी त्यांच्या घरी माझं जाणं-येणं चालूच राहिलं.

त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सतत यायचं. “मरनारा परत्येक मानूस पाच मिंटं फुडं जाऊन बगतो.” नव्या मुलांना यात गंमत वाटायची. जुन्या लोकांना त्यामागची गोष्ट ठाऊक होती. खूप वर्षांपूर्वी त्यांचा एक विद्यार्थी एकटाच घाट उतरत असताना ढगात शिरला. मागे मोकळं आकाश होतं आणि वळायला जागाही होती. तिसऱ्या दिवशी डोंगरात विमान सापडलं. मुलाला खाली आणायला तांडेल गावकऱ्यांबरोबर चढून गेले आणि त्याच्या आईला सांगायलाही तेच गेले. त्या आईने त्यांना एकच विचारलं, “तुम्ही त्याला वळायला शिकवलं नव्हतं का?” हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही विमान पुसता पुसता, माझ्याकडे न बघता.

असा माणूस तीन वर्षं एकाच प्रवासाचा बेत करत होता. जायचं होतं दीवला. तिथे समुद्राला लागून एक लहानसा जुना विमानतळ आहे, पोर्तुगीजांनी बांधलेला, मुक्तीच्या लढाईत बाँब खाल्लेला. तांडेलांचे वडील सौराष्ट्राच्या बाजूला मासेमारीला जायचे तेव्हा त्यांना ती धावपट्टी बोटीतून दिसायची. घरी आल्यावर ते पोराला सांगायचे, की तिकडे दर्याच्या काठाला लोखंडी पाखरं उतरतात. पोरगं नऊ वर्षांचं असताना बोट दीवच्या अलीकडे खडकावर फुटली. तांडेलाचा देह काठाला लागला आणि तिथल्याच लोकांनी त्याला अग्नी दिला. कोळीवाड्यात चिठ्ठी आली ती आठवड्याने.

“मग इतक्या वर्षांत बसने का नाही गेलात, सर?” मी एकदा विचारलं.

“जाऊन काय बगू? काठावरून पानी सगलं सारकंच दिसतं, बाय. खडक वरून दिसतो. मना तो खडक बगायचाय.”

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा कायम पसरलेला असायचा. त्याच्या चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, सुकटीचा डबा, पाण्याचा तांब्या आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची, पानाची चंची. काकी ताटं घेऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, “तुमचा गुजरात उचला, मना भात वाढायचाय.” खंभातचं आखात सरळ ओलांडलं तर तासभर वाचत होता. तांडेलांनी ती रेघ मला काढूच दिली नाही. एकाच इंजिनाचं विमान, ते बंद पडलं तर खाली नुसतं पाणी. म्हणून सुरतेवरून आखाताला वळसा घालायचा, भावनगरला मुक्काम करायचा, तिथे पेट्रोल भरायचं, कारण विमानाचं पेट्रोल दीवला मिळत नव्हतं, आणि सकाळी किनारा धरून दीव गाठायचं. तिथल्या टॉवरवर एक सोळंकी म्हणून अधिकारी होते. त्यांना तांडेल दर पंधरवड्याला फोन करायचे. वारा सकाळी कुठून येतो, पट्टीवर पक्षी किती, प्रवासी विमान येण्याआधी आमचं विमान उभं करायला जागा मिळेल का. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण सोळंकींच्या मुलीचं लग्न कुठे जमतंय हे काकींनासुद्धा माहीत होतं.

वाटेत थोडा तरी समुद्र लागणार म्हणून त्यांनी फुगणारी जाकिटं आणली आणि मला पनवेलच्या तरणतलावात कपड्यांनिशी उडी मारायला लावली. स्वतः काठावर उभे राहून सूचना देत होते. मी वर येऊन म्हटलं, “आता तुम्ही.” तेव्हा कळलं, की या कोळ्याला पोहता येत नाही. वडील गेल्यावर आईने त्याला पाण्यात पायही बुडवू दिला नव्हता. पासष्टी ओलांडलेला तो माणूस शिडी धरून एकेक पायरी उतरला. ओठ निळे पडले होते आणि हात शिडी सोडत नव्हते. शेवटी डोळे मिटून त्यांनी दोरी ओढली, जाकीट फुगलं आणि ते तरंगले. तलावातली पोरं टाळ्या वाजवायला लागली. तांडेलांनी डोळे उघडले नाहीत.

सगळ्या परवानग्या हातात आल्या त्याच महिन्यात वैद्यकीय तपासणीत त्यांचं हृदय नापास झालं. त्यांना विमान चालवायची बंदी झाली. मी घरी गेले तेव्हा ते टेबलापाशी बसले होते. नकाशा गुंडाळून ठेवला असेल असं मला वाटलं होतं. तो पसरलेलाच होता.

“तू ने मना,” ते म्हणाले. “मी बाजूला बसतो. पन एक ध्यानात ठेव. तांडेल तू. मी माल.”

परतीचा कागद त्यांनीच लिहिला. दीवच्या अलीकडे जाफराबादच्या खाडीवर आल्यावर दीवच्या टॉवरला विचारायचं. दिसण्याचं अंतर पाच किलोमीटर किंवा त्याहून कमी असेल, किंवा धुकं जमिनीकडे सरकत असेल, तर तिथूनच मागे. खाली मला सही करायला लावली.

फेब्रुवारीत आम्ही निघालो. भावनगरपर्यंतचा दिवस स्वच्छ गेला. सोबत बसलेले तांडेल लहान मुलासारखे खिडकीला नाक लावून होते. नर्मदेचं मुख दिसलं तेव्हा त्यांनी माझ्या हातावर थाप मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही भावनगरहून उडालो. दीवची परवानगी त्या एकाच सकाळची होती. प्रवासी विमान येण्याआधी उतरायचं आणि बाहेर पडायचं. पुन्हा अर्ज केला असता तर आणखी काही महिने गेले असते. आणि ते काही महिने त्यांच्याकडे नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

जाफराबादच्या अलीकडेच समुद्र दिसेनासा झाला. पाण्यावर पांढरा, सपाट थर पसरला होता आणि त्याची कड किनाऱ्याला येऊन टेकली होती. मी दीवला विचारलं. सोळंकींचाच आवाज आला. दिसण्याचं अंतर पाच किलोमीटर, धुकं समुद्राकडून पट्टीच्या दिशेने येतंय. खाली जाफराबादच्या खाडीतल्या बोटी दिसत होत्या. पुढे पंधरा मिनिटांवर दीव होतं.

तांडेल पुढे वाकले होते. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. काचेतून बाहेर बघतच ते म्हणाले, “बाय, पाच मिंटं फुडं जाऊन बगू.”

मला वाटलं ते माझी परीक्षा घेताहेत. मी त्यांच्याकडे पाहिलं. ती परीक्षा नव्हती. त्यांची नजर काचेवरून हलत नव्हती. ‘तू ने मना’ एवढं सोडलं तर इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

“नाही, सर,” मी म्हटलं.

“बाय, खडक अलीकडंच हाय. पट्टीवर नको उतरू. नुसतं बगून येऊ.”

“खाली धुकं आहे, सर. काही दिसणार नाही.”

“तुना काय ठाव?”

मी विमान डावीकडे कलतं केलं आणि वळवलं. वळताना त्यांच्या बाजूला नुसतं आकाश आलं, माझ्या बाजूला तो पांढरा थर. भावनगरला ते पेट्रोल भरताना विमानाच्या पंखाखाली बसून राहिले. मी पाणी नेलं, ते त्यांनी घेतलं आणि न पिता हातात धरून ठेवलं. संध्याकाळी घाट उतरून पनवेलला आलो तेव्हा मी त्यांना इमारतीच्या फाटकाशी सोडलं. मागे वळून न बघता ते आत गेले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोलावून घेतलं. माझी उड्डाणांची वही मागितली, त्या दिवसाच्या ओळीपुढे शेरा लिहिला, ‘निर्णय योग्य’, आणि खाली सही केली. “बरोबर केलंस,” म्हणाले. “मी तांडेल असतो तर वललो असतो. माल बोलत होता.” मग काकींना चहा टाकायला सांगितलं आणि पुढच्या अर्जाचे कागद काढले. तो अर्ज पुरा भरून झाला नाही. एप्रिलमध्ये, दुपारी जेवून आडवे झाले असताना ते गेले. मी ऐरोलीहून पोचेपर्यंत त्यांना खाली घेतलं होतं.

त्यानंतर मी क्लबात गेले नाही. लोक विचारायचे, मी कामाचं निमित्त सांगायचे. तेराव्यानंतर काकी माझ्या दारात आल्या, हातात स्टीलचा डबा, आणि म्हणाल्या, “दीवला नेयाचंय ह्यांना. येतेस?” आम्ही वेरावळपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने गेलो. विमानतळाच्या फाटकावर सोळंकी आले. बुटके, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी काकींच्या पायाला हात लावला आणि फाटकापलीकडची पट्टी आम्हाला बोट करून दाखवली. मग माझ्याकडे वळून, चांगल्या मनानेच, म्हणाले, “उस दिन कोहरा रनवे पर आया ही नहीं, मॅडम. दस मिनट में सब साफ हो गया. आप लोग आराम से उतर जाते.”

आम्ही काठावर आलो. ओहोटी होती. वाळूत उभं राहून मी काकींना म्हटलं, “काकी, मी नेलं असतं तर त्यांना खडक दिसला असता. मी त्यांना पंधरा मिनिटांवरून परत आणलं.”

काकी डब्याचं झाकण काढत होत्या. “त्यांना ठाव होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“धुकं आलं नाय ते. तू सोडून गेलीस, त्याच सांजंला सोळंकीला फोन केला त्यांनी. मंग लय वेळ खुर्चीत बसून ऱ्हायले. मी बोलले, पोरीला सांगा, तिला कळू दे. तर मनाच रागं भरले. बोलले, बायला सांगायचं नाय. तिला हे कळलं तर फुडच्या टायमाला ती वलायची नाय.”

त्यांनी डबा माझ्याकडे दिला, लुगडं वर खोचलं आणि माझा दंड धरून पाण्यात पाय टाकला.